मुलगी जर्मनीहून दिवाळीला नाशिकला येतेय, डेंग्यूची लस घ्यावी का?

मधुमालती | ८ जुलै २०२५, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचायला येते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही इंदिरानगरला राहतो. मुलगी, जावई आणि सव्वातीन वर्षांचा नातू जर्मनीत असतात. दिवाळीला येणार आहेत, १७ ऑक्टोबरचं विमान. काल फोनवर मुलगी म्हणाली, "आई, इथल्या डॉक्टरांनी डेंग्यूची लस घ्या म्हणून सुचवलंय, पण आधी डेंग्यू झाल्याचा लॅबचा कागद मागतायत. माझा २०१६ चा रिपोर्ट शोधून फोटो पाठव."

तेव्हा ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. पाच दिवस अॅडमिट होती, प्लेटलेट चाळीस हजारांवर आल्या होत्या. पपईच्या पानांचा रस पाजून पाजून आमच्या गल्लीतलं झाड मी ओकंबोकं केलं होतं. पण रिपोर्ट कुठे आहे ते देवच जाणे. तिची अपॉइंटमेंट १४ तारखेची आहे.

माझे प्रश्न असे. अशी लस खरंच आहे का? असेल तर आपल्याकडे का मिळत नाही? आणि माहेरी यायला लस घ्यायची, हे जरा अतीच नाही का?

तर्री कमी | ८ जुलै, ११:०२

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: सासरी यायला तर जावयाने बूस्टरसुद्धा घ्यावा.

ऱ्हाइनकाठी | ८ जुलै, दुपारी १:१५

ताई, अती नाही. मीही जर्मनीतच असतो. क्यूडेंगा नावाची लस आहे, जपानच्या ताकेदा कंपनीची. युरोपात डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली. जर्मनीच्या लसीकरण समितीचं, म्हणजे श्टिकोचं, म्हणणं असं: ज्याला आधी डेंग्यू होऊन गेलाय आणि तसा लॅबचा पुरावा आहे, त्याने डेंग्यूच्या भागात जाताना ती घ्यावी. कधीच झाला नसेल तर त्यांची सरसकट शिफारस नाही. म्हणून कागद मागतायत.

अजून एक अडचण. दोन डोस असतात आणि मध्ये तीन महिने जावे लागतात. १४ जुलैला पहिला घेतला तर दुसरा १४ ऑक्टोबरला, आणि विमान १७ ला. म्हणजे अगदी काठावर बसतंय. ही अपॉइंटमेंट चुकली तर या दिवाळीपुरता विषय संपला.

शंकासुर | ८ जुलै, दुपारी २:३०

फिलिपिन्समध्ये काय झालं ते वाचा आधी. लहान मुलांना शाळेत डेंग्यूची लस दिली आणि मग कंपनीनेच कबूल केलं की काही मुलांना उलट त्रास होऊ शकतो. मी तर माझ्या मुलीला नसती घेऊ दिली.

मधुमालती | ८ जुलै, दुपारी २:४४

अगंबाई! हे खरं आहे का? डॉक्टर मंडळी कुणी आहेत का इथे?

नाडीपरीक्षा | ८ जुलै, रात्री ९:५०

ओपीडी आटोपून आत्ता बसलो. नाशिकरोडला प्रॅक्टिस करतो, फिजिशियन आहे.

शंकासुर यांनी सांगितलं ते खरं आहे, फक्त ती लस वेगळी. ती सनोफीची डेंगव्हॅक्सिया. २०१६ मध्ये फिलिपिन्समध्ये आठ लाखांहून जास्त मुलांना दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेलाच नव्हता, त्यांना लशीनंतर डेंग्यू झाला तर तो जास्त गंभीर होण्याचा धोका आहे. मोहीम थांबली. लोकांचा लसीवरचा विश्वासच इतका उडाला की पुढे गोवरासारख्या साध्या लशीही मुलांना द्यायला पालक कचरू लागले.

असं का होतं ते सांगतो, कारण ताईंच्या प्रश्नाची सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एका प्रकाराचा होऊन गेला की त्या प्रकारापासून माणूस बहुधा जन्मभर सुटतो. बाकीच्या तिघांपासून मात्र सुटका काही महिन्यांचीच. पुढे दुसऱ्या प्रकाराचा विषाणू आला की जुन्या प्रतिपिंडांना, म्हणजे पहिल्या खेपेला शरीराने बनवलेल्या अँटिबॉडीजना, तो ओळखीचा वाटतो, त्या त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. उलट चिकटल्यामुळे त्याला पेशीत शिरायला सोपं जातं. म्हणून डेंग्यूची दुसरी खेप पहिलीपेक्षा वाईट असण्याची शक्यता जास्त. डेंगव्हॅक्सिया कोऱ्या शरीरात ही 'पहिली खेप' ठरत होती.

क्यूडेंगाची चाचणी आठ देशांत २० हजार मुलांवर झाली. पहिल्या वर्षी संरक्षण ८० टक्क्यांच्या आसपास, साडेचार वर्षांच्या हिशेबात ६१ टक्के, आणि अॅडमिट व्हावं लागण्यापासून ८४ टक्के. डेंगव्हॅक्सियासारखा धोका त्यात ठळकपणे दिसला नाही. पण ज्यांना आधी डेंग्यू झाला नव्हता त्यांच्यात तिसऱ्या प्रकाराविरुद्ध उपयोग दिसला नाही, आणि चौथ्याबद्दल पुरेशा केसेसच मिळाल्या नाहीत. म्हणून जर्मन समिती हात आखडता घेते. तुमच्या मुलीला एकदा झालाय, म्हणजे दुसरी खेप टाळण्यात तिचाच फायदा सगळ्यात जास्त.

जावयांना झालेला नसेल तर त्यांना ती शिफारस लागू होत नाही. नातू चार वर्षांच्या आतला आहे, त्याला देताच येत नाही. आणि ही जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस आहे. मुलगी गरोदर असेल किंवा बाळाला पाजत असेल, तर नाही.

मधुमालती | ८ जुलै, रात्री १०:०५

खूप आभार डॉक्टरसाहेब. पाजत नाही आता, आणि दुसरं काही असेल तर आईला सांगितलं असतं असं धरून चालते. 🙂

उद्या माळा उपसते.

प्रवासी पक्षी | ९ जुलै, सकाळी ८:२०

याच धाग्यात घुसतो. आम्ही चौघं मित्र नोव्हेंबरमध्ये बाली आणि मग बँकॉकला जातोय. क्यूडेंगाला सगळ्यात आधी परवानगी इंडोनेशियानेच दिली होती, २०२२ च्या ऑगस्टमध्ये. थायलंडमध्येही खासगी दवाखान्यांत मिळते म्हणतात. तिथे उतरल्या उतरल्या टोचून घेतली तर?

ऱ्हाइनकाठी | ९ जुलै, ८:४१

आठवडाभराच्या ट्रिपमध्ये तीन महिन्यांच्या अंतराने दोन डोस कसे घेणार? दुसऱ्या डोससाठी पुन्हा बँकॉकला जावं लागेल.

प्रवासी पक्षी | ९ जुलै, ८:४५

बायकोला हेच कारण सांगणार होतो.

सातपूरचा बाबू | ९ जुलै, ९:१०

अहो, डेंग्यूच्या गावातून डेंग्यूच्या गावाला जाताय, त्यात लस कसली? जुलै ते नोव्हेंबर आमच्या शिफ्टमध्ये रोज एक तरी मशीन रिकामं, कारण ऑपरेटर तापात. बालीच्या लोकांनीच नाशिकला येताना घ्यायला हवी.

नाडीपरीक्षा | ९ जुलै, दुपारी १:३०

बाबूंचा विनोद खरा आहे. २०१७-१८ मध्ये आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, १५ राज्यांत रक्त तपासलं होतं. ५ ते ४५ वयातल्या ४८.७ टक्के लोकांना डेंग्यू कधी ना कधी होऊन गेला होता, आणि पश्चिम भारतात ६२ टक्क्यांना. यातल्या बहुतेकांना पत्ताही नसेल, कारण पुष्कळदा डेंग्यूचं काही लक्षणच दिसत नाही. म्हणजे 'मला कधीच झाला नाही' हे आपल्याकडे कुणीही छातीठोकपणे सांगू नये. ताईंच्या जावयांनीही.

आपल्याकडे लस का नाही, हा प्रश्न राहिला होता. भारतात आजघडीला एकाही डेंग्यू लशीला परवानगी नाही. पॅनेशिया बायोटेकची एका डोसची 'डेंगीऑल' नावाची लस आयसीएमआरबरोबर तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला पहिला डोस दिला, १० हजारांहून जास्त प्रौढांवर चाचणी आहे आणि प्रत्येकावर दोन वर्षं लक्ष ठेवायचं आहे. क्यूडेंगा बनवण्यासाठी हैदराबादच्या बायोलॉजिकल ई कंपनीने ताकेदाशी करार केलाय, पण बनवणं वेगळं आणि इथे द्यायची परवानगी वेगळी. तेव्हा नाशिकमध्ये कुणी 'डेंग्यूची लस' म्हणून काही टोचायला निघालं तर आधी बाटली हातात घेऊन वाचा.

गोदाकाठची | ९ जुलै, दुपारी ३:१५

माझे काका गेल्या वर्षी केनियाला गेले तेव्हा मुंबईला जाऊन एक लस घेऊन पिवळं कार्ड आणलं होतं. ती डेंग्यूचीच ना?

नाडीपरीक्षा | ९ जुलै, ३:४०

नाही, ती पीतज्वराची. डास तोच, एडिस. आजार वेगळा. ती एकदा घेतली की कार्ड जन्मभर चालतं.

द्राक्षवेल | ९ जुलै, सायंकाळी ६:५५

पपईच्या पानांवर कुणीच बोललं नाही अजून? आमच्या दिंडोरीकडे ताप आला की आधी पपई, मग किवी, मग शेळीचं दूध, आणि शेवटी डॉक्टर. गेल्या ऑक्टोबरात एक किवी कितीला घेतलं ते सांगितलं तर इथले लोक हसतील. घरासमोर द्राक्षाचा बाग, आणि मी परदेशी फळ विकत आणतोय!

नाडीपरीक्षा | ९ जुलै, रात्री १०:१०

किवी खा, काही बिघडत नाही. पानांच्या रसाने उलट्या होत असतील तर मात्र तो बंद. डेंग्यूत शरीरातलं पाणी टिकवणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि रस पाजून पाजून उलट्या करवणारे नातेवाईक मी दर पावसाळ्यात बघतो. मधुमालतीताई, तुम्हाला नाही म्हणालो.

प्लेटलेटचा बाऊही फार होतो. रक्तस्राव नसेल तर आकडा दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत सहसा प्लेटलेट चढवाव्या लागत नाहीत. खरी भीती ताप उतरतो तेव्हाची. लोक म्हणतात, ताप गेला, बरं वाटतंय. आणि नेमक्या त्या एक-दोन दिवसांत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्तदाब कोसळतो. जोरात पोट दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, पेशंट गुंगलेला किंवा फार अस्वस्थ, यातलं काहीही दिसलं की तडक दवाखाना गाठा. तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन नको.

गोदाकाठची | ९ जुलै, रात्री १०:३२

हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या शेजारच्या काकूंचं अगदी असंच झालं होतं. ताप उतरला म्हणून घरी आणलं आणि रात्री परत पळवत नेलं. वाचल्या.

बाकी पंचवटीत डास म्हणजे विचारू नका. पूर ओसरला की घाटावर घोंगावतात नुसते. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की मी मच्छरदाणी काढतेच.

निवृत्त फवारणीवाला | १० जुलै, सकाळी ७:०५

सर्वांना गुरुपौर्णिमेच्या शुभेच्छा. ३१ वर्षं हिवताप विभागात काढली. एका जिल्ह्यात नाही, चार जिल्ह्यांत.

गोदाकाठची ताई, घाटावरचे आणि गटारीचे ते क्यूलेक्स. रात्री कानाशी गुणगुणतात ते. डेंग्यूचा एडिस घाण पाण्याच्या वाटेला फारसा जात नाही, त्याला तुमच्या घरातलं स्वच्छ पाणी लागतं. चावतो दिवसा, सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी. आवाज न करता घोट्याला, पोटरीला. आणि उडून लांब जात नाही, फार तर शे-दोनशे मीटर. म्हणजे तुम्हाला चावलेला एडिस बहुधा तुमच्याच घरी नाहीतर शेजारी जन्मलेला असतो.

आम्ही कंटेनर सर्व्हे करायचो तेव्हा लोक दारातूनच सांगायचे, "आमच्याकडे काही नाही, नाल्यावर फवारा." आत गेलो की फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये अळ्या. मनी प्लँटच्या बाटलीत अळ्या. कुंडीखालच्या ताटलीत, पाणी येतं म्हणून भरून ठेवलेल्या पिंपात, ते पिंप झाकायला घातलेल्या प्लास्टिकच्या खळग्यातसुद्धा. एका घरी तर देवघरातल्या तांब्यात सापडल्या होत्या. बांधकामाच्या ठिकाणी लिफ्टचा खड्डा आणि स्लॅबवर क्युरिंगसाठी बांधलेली पाण्याची आळी. सध्या कुंभाच्या तयारीत शहरभर बांधकामं चालू आहेत, तिकडे लक्ष ठेवा.

नुसतं पाणी ओतून भागत नाही. मादी अंडी भांड्याच्या कडेला चिकटवते, ती कोरडी होऊनही काही महिने तग धरतात, पाणी लागलं की उठतात. कडा घासायच्या. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. धूर फवारणी दिसायला छान, पण ती उडत्या डासापुरती. अळी पाण्यात मजेत असते.

द्राक्षवेल | १० जुलै, सकाळी ८:३०

काका, शेततळ्यात होतात का? आणि औषध कालवायचे दोनशे लिटरचे ड्रम?

निवृत्त फवारणीवाला | १० जुलै, ८:५०

शेततळ्यात गप्पी मासे सोडा, बाकी चिंता नको. ड्रम मात्र पालथे घाला. औषधाचा वास गेला आणि पावसाचं पाणी साचलं की तोच त्यांचा पाळणा.

शंकासुर | १० जुलै, ९:३०

म्हणजे लशीपेक्षा घासणी बरी, हे मी म्हणतच होतो.

नाडीपरीक्षा | १० जुलै, दुपारी २:००

तुम्ही घासणीचं नाव परवा घेतलं नव्हतंत. 🙂 एकाने दुसऱ्याला सुट्टी मिळत नाही. लस घेतलेल्यानेही डासापासून जपायचंच आहे.

प्रवासी पक्षी आणि ताईंच्या जावयांसाठी: अंगाला लावायच्या क्रीमवर घटक वाचून घ्या. डीट २० ते ३० टक्के किंवा पिकारिडिन २० टक्के असेल तर बरेच तास पुरतं. ऊन असेल तर आधी सनस्क्रीन, त्यावर हे. लहान मुलाच्या तळहाताला लावू नका, ते तोंडात जातात. नातवाला दुपारी झोपवताना मच्छरदाणी, कारण हा डास दिवसाचा. आणि परत गेल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर तिथल्या डॉक्टरांना 'भारतातून आलोय' हे आधी सांगायचं, नाहीतर ते फ्लू समजून घरी पाठवतील.

मधुमालती | ११ जुलै, रात्री ११:२०

मंडळी, रिपोर्ट सापडला. मिक्सरच्या वॉरंटीच्या फाइलमध्ये, लाइट बिलांच्या खाली. पण डोकं फिरलंय.

डॉक्टरसाहेब, जसंच्या तसं लिहिते. "डेंग्यू एनएस-१ अँटिजेन: निगेटिव्ह." खाली "विडाल: पॉझिटिव्ह", म्हणजे टायफॉइडची तपासणी. प्लेटलेट ६२ हजार. चाळीस हजार नव्हत्याच. तो आकडा माझ्या सासूबाईंनी गावभर सांगून चाळीसवर आणला असणार. डिस्चार्ज कार्डावर नुसतं "विषाणूजन्य ताप?" आणि पुढे प्रश्नचिन्ह.

नऊ वर्षं आम्ही "हिला डेंग्यू झाला होता" म्हणून सांगतोय! लग्न ठरवतानासुद्धा सांगितलं होतं.

तर्री कमी | ११ जुलै, ११:२८

जावयाकडच्यांपासून लपवलेला टायफॉइड बाहेर आला म्हणायचं.

नाडीपरीक्षा | १२ जुलै, सकाळी ७:४०

ताई, ही तपासणी तापाच्या कितव्या दिवशी झाली, आठवतं का? एनएस-१ पहिल्या चार-पाच दिवसांतच विश्वासाची. नंतर निगेटिव्ह आली तरी डेंग्यू नव्हता असं ठरत नाही. तेव्हा आयजीएम, म्हणजे प्रतिपिंडांची तपासणी, करायला हवी होती. आणि विडालवर मी एकट्याने टायफॉइड धरत नाही. इतर तापांतही ती पॉझिटिव्ह दिसते.

मधुमालती | १२ जुलै, ८:१५

पाच दिवस घरी काढे दिले होते, मग नेलं. म्हणजे सहावा किंवा सातवा दिवस.

नाडीपरीक्षा | १२ जुलै, ८:३०

मग हा कागद डेंग्यू झाला होता असंही सांगत नाही आणि नव्हता असंही नाही. कागद जसा आहे तसा पाठवा, निर्णय तिच्या डॉक्टरांचा. मात्र 'आई म्हणते झाला होता' यावर लस घेऊ नये, एवढंच मी म्हणेन.

ऱ्हाइनकाठी | १२ जुलै, दुपारी १२:१०

सहमत. इथले डॉक्टर प्रश्नचिन्हावर सही करत नाहीत.

मधुमालती | १५ जुलै, सकाळी ११:००

काल मुलीची अपॉइंटमेंट झाली. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि या खेपेला लस नको म्हणाले. प्रतिपिंडांची तपासणी करायची का ते सावकाश बघू, पण दिवाळीचं गणित आता बसत नाही. मुलगी क्रीम आणि नातवासाठी मच्छरदाणी तिकडूनच आणतेय. मी म्हटलं, मच्छरदाणी भद्रकालीत मिळते गं, पण ऐकतंय कोण.

काल व्हिडिओ कॉलवर तिने मला घरभर फिरवलं. फवारणीवाल्या काकांची पूर्ण यादी तिच्या हातात होती. फ्रिजचा ट्रे कोरडा, मनी प्लँट कोरड्या मातीत, पिंप पालथं. मी अगदी छाती पुढे काढून चालत होते. मग म्हणाली, "गच्चीवर ते आजीचं दगडी उखळ आहे ना, शोभेला ठेवलेलं?"

अर्धं भरलेलं. आत वळवळ वळवळ. किमान पन्नास तरी.

तर्री कमी | १५ जुलै, ११:०४

डासांचं उखळ पांढरं झालं की हो!

गोदाकाठची | १५ जुलै, ११:२०

मी आत्ता उठून आमची गच्ची बघून आले. आमच्याकडे जातं आहे. त्यातही.

निवृत्त फवारणीवाला | १५ जुलै, दुपारी १२:४५

उखळ जड असतं, पालथं घालायला जाऊ नका, कंबर जाईल. पाणी उपसा, कडा घासणीने घासा आणि उखळ काठोकाठ वाळूने भरून टाका. शेजारी बांधकाम चालू असेल तर घमेलंभर वाळू मागा, कुणी नाही म्हणत नाही. मागायला जाल तेव्हा त्यांचा लिफ्टचा खड्डाही बघून या.